मराठी टेक्स्ट गेमला वर्गणी लावावी की छंदच राहू द्यावा?

म्हापशात तिघा मित्रांनी मिळून टेक्स्ट गेम, म्हणजे चित्रांऐवजी शब्दांतून अनेकांनी ऑनलाइन खेळायचा खेळ, उभा केलाय, रोज संध्याकाळी वीसेक जण खेळतात, सर्व्हरचं भाडं तुमच्याच खिशातून जातं, तर आता वर्गणी लावावी का, असं तुम्ही विचारलंय. मीही फोंड्यात असाच एक खेळ हौसेनं चालवते. माझं मत स्पष्ट आहे: एवढ्यात लावू नका.

पहिल्यांदा कोडचा परवाना वाचा. असे बरेच खेळ ज्या तयार कोडवर उभे राहतात, तो डिकूमड हे कोपनहेगन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचं काम, १९९०-९१ सालचं. त्यावरून नफा कमवायचा नाही ही त्यांची अट होती. २०२० मध्ये त्यांनी मूळ कोड एलजीपीएल या मुक्त परवान्याखाली खुला केला, पण त्यातून निघालेल्या मर्क, रॉम, सर्कल या कोडच्या अटी वेगळ्या आहेत. तुमच्या खेळाचा पाया या तिघांपैकी असेल तर वर्गणी लावताच येणार नाही. पायथन भाषेतलं एव्हेनिया हे असे खेळ बांधायचं साधन वापरलं असेल तर त्याचा परवाना बीएसडी, पैसे घ्यायला आडकाठी न करणारा, म्हणजे वाट मोकळी.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. पैसे ज्या रीतीनं घ्याल, तसा खेळ घडत जातो. १९८५ मध्ये कॉम्प्युसर्व्ह या अमेरिकन ऑनलाइन सेवेवर 'आयलंड ऑफ केस्माय' हा टेक्स्ट गेम खेळायला तासाला ६ डॉलर पडायचे, मोडेम जलद असेल तर १२. तासावर कमाई असली की खेळाडू जितका रेंगाळेल तितकं बरं, मग वाटा लांबतात, राक्षस उशिरा मरतात. १९९६ च्या डिसेंबरात अमेरिका ऑनलाइन या दुसऱ्या सेवेनं महिन्याला सरसकट १९.९५ डॉलर केले आणि तासाचं गणितच कोलमडलं. जेमस्टोनसारखे टेक्स्ट गेम पुढे मासिक वर्गणीवर जगले. १९९७ मध्ये आलेल्या अकेया या खेळानं तिसरी वाट धरली: खेळणं फुकट, खेळात ताकद मिळवून देणारं क्रेडिट विकत. त्यावर तो खेळ आजवर टिकलाय हे मान्यच, पण वीस खेळाडूंच्या गावात एकानं पैसे मोजून ताकद विकत घेतली, तर उरलेल्यांनी महिनोन्‌महिने केलेली मेहनत मातीमोल होते. ते मला पटत नाही.

आता रोजच्या कामाचं बघा. पावसात वीज जाते, इंटरनेट तुटतं, आणि आपण सर्व्हरपर्यंत पोचेपर्यंत कुणाची तरी तलवार नाहीशी झालेली असते. मग रात्री बसून त्याची फाइल उघडायची, लॉगमध्ये त्याच्याकडे शेवटचं काय होतं ते शोधायचं, वस्तूचा क्रमांक हातानं भरायचा, सेव्ह करायचं आणि त्याला पुन्हा लॉगिन करायला सांगायचं. आज 'उद्या बघते' म्हटलं तरी चालतं. वर्गणी घेतलीत की तोच माणूस गिऱ्हाईक होतो, आणि त्याचं विचारणं रास्तही असतं. जत्रेला गावची पोरं उत्सवी नाटक बसवतात तेव्हा पडदा अडकला तर लोक सांभाळून घेतात, तिकीट लावलेल्या प्रयोगाला तेच लोक तसं करणार नाहीत. तुमच्या तिघांतला एक जण तरी रोज रात्री तक्रारी निस्तरायला तयार आहे का? नोकरी सांभाळून हे फार जड जातं.

कायद्याचंही बघून ठेवा. २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं पैसे लावून जिंकायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. नुसती प्रवेशवर्गणी त्यात बसत नाही, पण बक्षिसासाठी पैसे गोळा करून स्पर्धा भरवायचा विचार असेल तर सोडून द्या.

सध्या देणगी घ्या. यूपीआयचा क्यूआर कोड लॉगिनच्या पानावर ठेवा, महिन्याचं भाडं किती आणि जमले किती हे तिथंच लिहा. देणाऱ्याला खेळात काहीही देऊ नका, नावापुढे बिरुदसुद्धा नको. एक सावध करते, डिकूच्या वंशातला कोड असेल तर देणगीबद्दलही त्या परवान्यात काय लिहिलंय ते आधी तपासा. भाड्यापेक्षा जास्त जमायला लागलं आणि एक जण रात्रीची जबाबदारी घ्यायला पुढे आला, तर मासिक वर्गणीचं पुन्हा बोलू. तोवर रोजचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर जातोय ना, एवढं आजच बघून घ्या.