परदेशी शिक्षण : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा मुलगा उच्च शिक्षणासाठी मेलबर्नला निघाला आहे. सामानात कंदी पेढे, घरचा गोडा मसाला, चकल्या, काही आयुर्वेदिक औषधे आणि क्रिकेटचे बूट आहेत. विमानात मिळणाऱ्या अर्जावर सगळीकडे ‘नाही’ लिहिले तर तपासणीत वेळ जात नाही, असे त्याचे मित्र सांगतात. हे योग्य आहे का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : मुळीच नाही. ‘इनकमिंग पॅसेंजर कार्ड’ म्हणून ओळखला जाणारा हा अर्ज आपल्या मुलाच्या सहीने पूर्ण होतो आणि त्यावरील खोटे उत्तर हा ऑस्ट्रेलियाच्या कायद्याने गुन्हा ठरतो. त्यासाठी हजारो डॉलरचा दंड होऊ शकतो. शिवाय जैवसुरक्षेच्या गंभीर उल्लंघनाबद्दल विमानतळावरच व्हिसा रद्द करण्याची तरतूद २०२१ पासून विद्यार्थी व्हिसालाही लागू आहे. याउलट, वस्तू आपणहून सांगितली आणि ती चालण्याजोगी नसली, तर फार तर ती काढून घेतली जाते, दंड होत नाही. वेळ वाचवण्याचा मित्रांचा सल्ला त्यामुळे भलताच महाग पडू शकतो.

पेढे मात्र घरीच ठेवावेत. भारतात गुरांचा लाळ्या खुरकूत रोग आढळतो आणि ऑस्ट्रेलिया १८७२ पासून त्यापासून मुक्त आहे. या रोगाचा विषाणू दुग्धजन्य पदार्थांतूनही पोहोचू शकत असल्याने येथून दुधाची मिठाई नेता येत नाही. मसाला आणि चकल्या यांबाबत ‘होय’ लिहावे व निर्णय अधिकाऱ्यावर सोडावा. घरच्या पुडीपेक्षा घटकांची इंग्रजी यादी छापलेले सीलबंद पाकीट तपासणे त्यालाही सोपे जाते. (गोड्या मसाल्यातील दगडफूल म्हणजे काय, हे तेथे उभ्या उभ्या समजावणे सोपे नाही.) पारंपरिक औषधे व वनौषधी यांचा अर्जात स्पष्ट उल्लेख आहे, डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे मूळ वेष्टनात, इंग्रजी चिठ्ठीसह आणि जास्तीत जास्त तीन महिन्यांपुरतीच न्यावीत. बुटांच्या तळाला माती राहू देऊ नये. अर्जात आणखी एक प्रश्न असतो, जो शेतकरी कुटुंबातील मुले घाईत वाचतच नाहीत : गेल्या ३० दिवसांत शेत किंवा शेतातील जनावरे यांच्याशी संपर्क आला होता का? निरोप घ्यायला गावी जाऊन गोठ्यात शिरलेल्या मुलाचे उत्तर ‘होय’ हेच आहे आणि त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

प्रश्न : सिडनीला जाताना नवा लॅपटॉप व काही रोख रक्कम नेत आहे. कर भरावा लागेल का? (एक विद्यार्थिनी, नाशिक)

उत्तर : अठरा वर्षांवरील प्रवाशाला ९०० ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंतच्या सर्वसाधारण वस्तू करमुक्त आणता येतात. स्वतःचे कपडे आणि किमान बारा महिने वापरलेल्या वैयक्तिक वस्तू यांवर कर लागत नाही. नवा लॅपटॉप मात्र या ९०० डॉलरच्या हिशेबात धरावा, त्याहून महाग असल्यास जाहीर करावा आणि खरेदीची पावती हाताशी ठेवावी. रोख किती न्यावी यावर ऑस्ट्रेलियात मर्यादा नाही. परंतु कोणत्याही चलनातील एकूण रक्कम १०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर किंवा अधिक होत असेल, तर ती जाहीर करणे बंधनकारक आहे.