डोंगरावरची देवस्थानं: पावित्र्य डोंगराचं की देवळाचं?

तुम्ही विचारलंय की आपल्याकडे इतकी देवस्थानं डोंगर-टेकड्यांवर का आहेत. त्यात खरोखर काही आध्यात्मिक अर्थ आहे, की उंचावरचं देऊळ लांबून दिसतं आणि सुरक्षित राहतं एवढीच सोय? माझ्या मते डोंगर आधी देव झाला आणि देऊळ त्यावर नंतर आलं.

मी बडोद्याची. आमचं कुलदैवत जेजुरीचा खंडोबा, म्हणजे तोही गडावरचाच. लग्नकार्यानंतर जेजुरीला जाऊन भंडारा उधळायचा आणि एरवी वर्षभर मनात आलं की पावागढ, अशी आमच्या घरची रीत आहे. त्यामुळे जे सांगते ते पावागढावरूनच सांगते.

पावागढ बडोद्याहून साधारण पन्नास किलोमीटरवर, हालोलच्या पुढे. उंची आठशे मीटरच्या आसपास. सह्याद्रीत फिरलेल्याला ती फारशी वाटणार नाही, पण इथे चहूकडे सपाट शेतं आणि त्यातून हा एकटाच वर आलेला. पावसाने हवा धुतली गेली की शहरातल्या उंच गच्चीवरूनही दिसतो. दख्खनचा लाव्हा पसरला त्या काळातला, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा हा डोंगर. खालच्या भागात आपल्या ओळखीचा काळा बेसाल्ट आहे, आणि माथ्याकडे रायोलाइट नावाचा वेगळा, फिकट दगड लागतो. वरच्या एखाद्या कड्यापाशी उभं राहून खडक हाताने चाचपून बघा, फरक कळतो.

आता सोयीच्या मुद्द्याकडे येते. १४८४ मध्ये गुजरातचा सुलतान महमूद बेगड्याने दीर्घ वेढ्यानंतर हा गड घेतला. त्यानंतर वरच्या कालिकेच्या देवळाला जवळजवळ पाचशे वर्षं शिखर नव्हतं. कळसाच्या जागी सदनशाह पीराची दर्गा होती. ती बाजूला हलवून नवं शिखर उभं राहिलं आणि जून २०२२ मध्ये त्यावर ध्वज चढला. मधल्या एवढ्या शतकांत लोक यायचे थांबले का? नाही. ग्वाल्हेरच्या शिंद्यांची सत्ता आली, इंग्रज आले, १८६१ मध्ये हा सगळा पंचमहाल प्रांत शिंद्यांकडून इंग्रजांकडे गेला, आणि चैत्रात, आश्विनात माणसं चढतच राहिली. शिखर नसलेल्या देवळासाठी कोणी एवढा डोंगर चढत नाही. त्यांच्या लेखी डोंगरच शिखर होता. आणि हा डोंगर एकट्या देवीभक्तांचाही नाही. वर शिवाचा अवतार मानलेल्या लकुलीशाचं हजारेक वर्षं जुनं शिवालय आहे. दिगंबर जैनांसाठी हे सिद्धक्षेत्र आहे, रामाचे पुत्र लव-कुश इथूनच मोक्षाला गेले अशी त्यांची श्रद्धा. सतीच्या पायाचं बोट इथे पडलं असं शाक्त, म्हणजे देवीचे उपासक, सांगतात. कथा वेगवेगळ्या, पण सगळ्यांनी निवडला हाच डोंगर.

डोंगराचा अर्थ सांगताना बहुतेक जण चढणीबद्दल बोलतात: वर जाता जाता अहंकार गळतो, माणूस देवाच्या जवळ पोहोचतो. हे खोटं नाही. मेरू पर्वत विश्वाच्या मध्याशी, देवळाचं शिखर म्हणजे मेरूचं रूप, हेही खरं. वेरूळला राष्ट्रकूटांनी डोंगराचा कडा वरून खाली कोरत नेऊन त्यातून कैलास काढला, तो याच भावनेतून. पण माझ्या मनाला अधिक पटतं ते उलट्या दिशेचं. डोंगर पवित्र आहे तो वरून खाली काय येतं त्यामुळे.

बडोद्यातून वाहणारी विश्वामित्री पावागढावर उगम पावते. विश्वामित्रांनी इथे तप केलं, कालिकेची स्थापना केली आणि नदीला त्यांचं नाव मिळालं, अशी इथली परंपरा. शहरात आम्ही तिला ओळखतो ती मगरींची नदी म्हणून, कमाटीबागेतल्या पुलावरून दिसणारं संथ, गढूळ पाणी म्हणून, आणि २०२४ च्या ऑगस्टसारख्या पुरासाठी. देवीच्या डोंगरावरून येणारं पाणी ते हेच, हे फार थोड्यांच्या लक्षात असतं. आषाढात पावागढाचा माथा ढगात असतो, डोंगरात खुणिया महादेवाचा धबधबा सुरू होतो, आणि तेच पाणी उतरत उतरत आमच्या दारापर्यंत येतं. त्र्यंबकेश्वरला हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणूनच श्रावणात तिसऱ्या सोमवारी लोक गोदावरी जिथे उगम पावते त्या ब्रह्मगिरीला फेरी घालतात. गोवर्धनाच्या कथेतही कृष्ण गोकुळाला हेच समजावतो: आपलं जगणं गाई, रान आणि हा डोंगर यांवर आहे, तर पूजा त्याची करा. इंद्राचा यज्ञ थांबला तो या युक्तिवादाने.

पावागढची स्वतःची कथा याहून खोल जाते. नवरात्रात गावातल्या बायका गरबा खेळत होत्या. देवी डोंगरावरून उतरली आणि साधी बाई होऊन त्यांच्यात नाचू लागली. डोंगराच्या पायथ्याच्या चांपानेरचा राजा, पताई रावळ, तिथे आला, तिच्या रूपावर भुलला आणि त्याने तिचा पदर धरला. तिने समजावलं, वर माग म्हणाली, तो ऐकेना. मग तिने शाप दिला आणि त्याचं राज्य गेलं. इतिहासात हा राजा जयसिंह, खीची चौहान, बेगड्याकडून हरलेला. वेढा, तोफा, फितुरी ही कारणं इतिहासकारांनी बघावीत. लोकांनी मात्र पराभवाचं कारण एका हातात शोधलं, पदर धरणाऱ्या हातात. डोंगरावरची शक्ती आपणहून खाली येते, आपल्यात मिसळते, फेर धरते. तिला धरून ठेवायला, आपल्या मालकीची करायला गेलं की सगळं जातं. डोंगराच्या पावित्र्याचं याहून नेमकं सांगणं मला कुठे सापडलेलं नाही. आजही बडोद्यात नवरात्रात हजारो मुली रात्रभर फेर धरतात, त्यातल्या कितीतरी मराठी घरांतल्या, आणि ही कथा त्यांना आजीकडून मिळालेली असते.

म्हणूनच खऱ्या पवित्र डोंगरांशी काही ना काही मर्यादा जोडलेली दिसेल. सौराष्ट्रात पालिताण्याला शत्रुंजय डोंगरावर शेकडो जैन मंदिरं आहेत, पण रात्री वर कोणी राहत नाही, पुजारीसुद्धा उतरतात. चातुर्मासात यात्राच बंद असते, कारण पावसाळ्यात वाटेवर बारीक जीव फार. तमिळनाडूतल्या तिरुवण्णामलैचा अरुणाचल डोंगर हाच शिव मानला जातो, त्यामुळे तिथे चढण्यापेक्षा अनवाणी चौदा किलोमीटरची प्रदक्षिणा मोठी मानतात. रमण महर्षी १८९६ मध्ये त्या डोंगरापाशी आले ते शेवटपर्यंत तिथून गेले नाहीत. तिबेटातल्या कैलास पर्वतावर तर आजवर माणसाचं पाऊल पडल्याची नोंद नाही. हिंदू, बौद्ध, जैन आणि तिबेटातला बोन असे चार धर्म त्याला मानतात आणि त्याच्या भोवतीने चालतात.

ही मर्यादा नुसती भावनेपुरती राहत नाही. ओडिशातल्या नियमगिरीवर बॉक्साइटची खाण व्हायची होती. डोंगरिया कोंध आदिवासींसाठी तो डोंगर म्हणजे त्यांचा देव, नियमराजा. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय ग्रामसभांवर सोपवला आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी खाण नाकारली. आमच्या बडोद्याच्या पूर्वेला छोटा उदेपूरकडे राठवा आदिवासींच्या देवस्थानी मातीचे घोडे ओळीने वाहिलेले दिसतात, तिथे ना कळस ना दानपेटी. अशी जागा पाहिली की देऊळ नंतर आलं असं मी का म्हणते ते कळतं.

आपल्या घरात हे शिक्षण नकळत होतं. सकाळी अंथरुणातून उतरताना धरणीला पाय लागतो म्हणून क्षमा मागायचा श्लोक आहे, त्यात पर्वत हे तिचे स्तन आहेत. म्हणजे दूध देणारे. पावागढाच्या मध्यावरच्या माचीपासून चढायला लागण्याआधी बायका पहिल्या पायरीला बोटं टेकवून कपाळाला लावतात. देवी अजून कितीतरी वर असते. तो नमस्कार डोंगराला असतो.

पुस्तकी उत्तर पुरेसं वाटत नसेल तर एकदा या. पाऊस ओसरला की, पण नवरात्राची गर्दी टाळून. माचीपर्यंत गाडी जाते, तिथून रोपवे आहे. गुडघे साथ देत नसतील तर खुशाल बसा, त्याने काही कमी होत नाही. वर दुधिया तळ्याकाठी जरा थांबा. इतक्या उंचावर पाणी कसं राहतं हे बघितल्याशिवाय पुढच्या पायऱ्या चढू नका. गाभाऱ्यात कालिकेचा लाल मुखवटा आहे, धड नाही, नुसतं मुख आणि मोठे डोळे. दर्शन रांगेत क्षणभरच मिळतं. उतरताना मात्र जमलं तर चालत उतरा, नारळाची करवंटी आणि पाण्याची बाटली पिशवीत घालून खाली आणा, कारण वर टाकलेलं सगळं पावसात विश्वामित्रीत येतं. आणि जामी मशिदीसाठी अर्धा दिवस हातात ठेवा. चांपानेर-पावागढ २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि पायथ्याचं ते कोरीव काम घाईत बघण्यासारखं नाही.