बंदोबस्त संपला, शीण उतरेना

प्रिय मित्रा,

विसर्जनाचा बंदोबस्त संपून तीन आठवडे झाले तरी अंगात त्राण नाही, असं तू लिहिलंस. पुण्याची मिरवणूक चोवीस तासांच्या पुढे जाते, अलका चौकात उभा राहणारा कुणीही गळून जाईल. पण तो शीण दोन-चार दिवस नीट झोप मिळाली की उतरतो. तुझा उतरलेला नाही. सुट्टीच्या दिवशीही उठवत नाही, जेवणावरची वासना उडालीय, आईवर खेकसतोस. दोन आठवडे जवळजवळ रोज असं चाललं, की डिप्रेशन आहे का हे तपासून घ्यायलाच हवं. आपल्या पोलीस खात्यात ते रडण्यातून कमी दिसतं. चिडचिड, पाठदुखी, ॲसिडिटी आणि रोजच्या दारूच्या क्वार्टरमधून जास्त. मग वर्षानुवर्षं पित्ताच्या गोळ्या चालतात आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

ससून रुग्णालयाच्या मनोविकार ओपीडीत सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढ. सोबत १४ दिवसांची नोंद ने: ड्युटी किती ते किती, झोप किती तास, दारू किती. नुसतं ‘बरं वाटत नाही’ म्हटलं तर डॉक्टरांच्या हाती फारसं लागत नाही. थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन तपासायला सांगितलं तर टाळू नकोस, त्यांच्या बिघाडातही असाच थकवा येतो.

गोळ्या दिल्या, तर मळमळ पहिल्या आठवड्यात आणि गुण २ ते ४ आठवड्यांनी, हा क्रम पक्का लक्षात ठेव. त्रास आधी दिसतो म्हणून माणसं दहाव्या दिवशी गोळ्या सोडतात. बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने तरी त्या चालू ठेवाव्या लागतात. नाइट आणि शस्त्राची ड्युटी असते, हे डॉक्टरांना आधीच सांग. गुंगी आणणारं औषध त्या हिशेबाने ठरतं.

नाइटला शेवटचा चहा दोनच्या आत. घरी आल्यावर खिडकीला जाड पडदा. दारूने झोप लागते, पण मध्येच मोडते.

साहेबांना निदान सांगायलाच हवं असं नाही. ‘उपचार चालू आहेत, महिनाभर सलग नाइट नको’ एवढं नेमकं माग. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने डॉक्टरांवर गोपनीयतेचं बंधन आहे.

जीव नकोसा वाटला, तर त्याच क्षणी शस्त्र जमा कर, एकटा राहू नकोस आणि १४४१६ लाव. ती टेलीमानस, सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन; चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलतात. मलाही कर, कितीही वाजलेले असोत.

ओपीडीचा दिवस ठरला की कळव. मी सोबत येतो.