पी-टूवरून लिफ्टमध्ये शिरणारा माणूस

"मॅडम, आमचं घर तीन कोटींचं आहे म्हणतात. पण वीस तारखेनंतर खात्यात काही उरत नाही."

हे वाक्य गेल्या काही वर्षांत समुपदेशक म्हणून मी फार वेळा ऐकलं आहे. कधी दादरहून, कधी माटुंग्याहून, कधी पार्ले पूर्वेहून, ऑनलाइन भेटीत पुण्याच्या प्रभात रोडवरूनसुद्धा. जुनी दुमजली-तिमजली घरं पाडून टॉवर उभे राहिले आणि ज्यांचं आयुष्य साध्या पगारात गेलं ती माणसं एकदम श्रीमंतांच्या शेजारी राहायला आली. मग घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, विकून टाकू, ठाण्याला किंवा डोंबिवलीला ऐसपैस घर घेऊ, उरलेले पैसे बँकेत ठेवू. दुसरा म्हणतो, मेलो तरी इथून हलणार नाही. माझ्याकडे येईपर्यंत दोघांचंही बोलणं तुटलेलं असतं.

त्यातल्याच एका कुटुंबाची ही गोष्ट, त्यांच्या परवानगीने. नावं आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत.

मेधा बँकेत आहे, प्रशांत अंधेरीला एका खासगी कंपनीत. मुलगी सई बारा वर्षांची. प्रशांतच्या आई त्यांच्याबरोबरच राहतात. घर शिवाजी पार्कपासून चालत पाच मिनिटांवर. पूर्वी तिथे पागडीची तीन मजली इमारत होती, भाडं महिना दोनशेच्या आत. पुनर्विकासानंतर त्याच जागी टॉवर झाला. खाली पार्किंगचे पोडियम, म्हणजे पी-वन, पी-टू असे गाड्यांचे मजले, त्यावर जुन्या भाडेकरूंचे मजले, आणि त्यांच्याही वर सेलचे, म्हणजे बिल्डरने बाजारात विकलेले, मोठे फ्लॅट. यांचं घर चौथ्यावर, ४८० चौरस फुटांचं. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे, त्यामुळे तो भार नाही. मेंटेनन्स मात्र महिना १२,०००. बिल्डरने दिलेल्या कॉर्पसच्या, म्हणजे एकरकमी निधीच्या, व्याजातून तो भागावा अशी योजना असते, पण यांचा कॉर्पस फर्निचर आणि मॉड्युलर किचनमध्ये केव्हाच संपला होता. असं फार घरांत झालेलं मी पाहिलं आहे.

पहिल्या भेटीत मेधाने मोबाइल उघडून हिशेबच वाचून दाखवला. "भाजी, बाई, क्लास, इस्त्रीवाला, सगळ्यांना टॉवरचा रेट. ठाण्याला दोन बेडरूमचं घर येईल आणि वर पन्नास-साठ लाख उरतील. याला फक्त एकच उत्तर येतं, की बाबांनी इथे पन्नास वर्षं काढली."

"मग काढलीच आहेत," प्रशांत म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत बसला.

मी विवेकनिष्ठ विचारसरणी मानणारी समुपदेशक आहे. माणसाला परिस्थितीपेक्षा त्याने परिस्थितीला दिलेला अर्थ जास्त त्रास देतो, असं माझं ठाम मत आहे आणि इतक्या वर्षांच्या कामात ते अधिकच पक्कं होत गेलं. त्यामुळे 'विकावं का' या प्रश्नावर मी लगेच बोलत नाही. आधी नेमकं काय बोचतंय ते शोधते.

दोघांना मी एक काम दिलं. पंधरवडाभर दोन वेगळ्या याद्या करायच्या, एकमेकांना न दाखवता. एका यादीत वस्तीने काय दिलं आणि काय घेतलं. दुसरीत इमारतीने काय दिलं आणि काय घेतलं. वस्ती आणि इमारत एकत्र मोजायची नाही, एवढीच अट. मेधा म्हणाली, "दोन्ही एकच ना? महाग ते महागच."

पंधरा दिवसांनी त्या याद्या टेबलावर आल्या तेव्हा मी सर्वांत आधी मेधाची यादी वाचली, कारण निघायचं होतं तिला. वस्तीच्या रकान्यात तिने प्रामाणिकपणे लिहिलं होतं: ऑफिसमधून चालत घरी. रात्री साडेनऊला एकटी येते, भीती वाटत नाही. प्रशांतची ट्रेन दादरहून, मध्य आणि पश्चिम दोन्ही हाताशी. सई समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांब शिकते, महापालिकेच्या तलावात पोहते. आईंचा कट्टा. डॉक्टर ओळखीचे. त्रासही लिहिले होते: उन्हाळ्यात मैदानातली लाल माती घरभर, सभा-मेळाव्यांच्या दिवशी रस्ते बंद, पाहुण्यांना गाडी लावायला जागा नाही.

यातल्या चांगल्या गोष्टींवर खर्च किती? जवळजवळ काहीच नाही. मैदान १९२५ मध्ये लोकांसाठी खुलं झालं, १९२७ मध्ये त्याला शिवाजी पार्क हे नाव मिळालं, तेव्हापासून तिथे बसायला कुणी पैसे घेतलेले नाहीत. समुद्र फुकट. कट्टा फुकट. महागड्या वस्तीतल्या सर्वांत मोलाच्या गोष्टी बहुतेक वेळा सार्वजनिक असतात, हे मला तेव्हा फार स्पष्ट दिसलं आणि मी ते दोघांना बोलून दाखवलं.

आता इमारतीचा रकाना. क्लब हाऊसमध्ये सईचा वाढदिवस, कारण वरच्या मजल्यावरच्या मुलींचे तिथेच होतात. रिटर्न गिफ्ट. दिवाळीला वॉचमन आणि लिफ्टमनला वाढीव पोस्त. इंग्रजी नाटकाचा क्लास. गाडीचा हप्ता १४,०००. शेजाऱ्याकडून भाड्याने घेतलेलं पार्किंग, ६,०००.

"गाडी किती वापरता?" मी विचारलं.

"महिन्यातून दोनदा. हा ट्रेननेच जातो," मेधा म्हणाली.

प्रशांत गप्प. मी त्या शांततेत घाई केली नाही. मेधाच पुढे बोलत राहिली. सईबद्दल काहीतरी सांगायचं तिच्या मनात होतं आणि ते भलत्याच ओघात बाहेर आलं. "हल्ली ही मुलगी जिन्याने चढून येते. पोडियम धरून सात-आठ मजले होतात. मला वाटलं मल्लखांबासाठी दम वाढवते. परवा विचारलं तर म्हणाली, तिच्या मैत्रिणी लिफ्टमध्ये असल्या की तिला चारचं बटण दाबायला आवडत नाही. त्या बावीस, सव्वीस दाबतात. चार दाबलं की सगळ्यांना कळतं आपण जुने भाडेकरू."

प्रशांतने मान वर केली. त्याचा चेहरा मला आजही आठवतो. बराच वेळ काही बोलला नाही, आणि मग बायकोकडे न बघता म्हणाला, "गाडी मी त्याच्यासाठीच घेतली."

"कशासाठी?" मेधाला कळलं नाही.

"लिफ्टसाठी. लॉबीतून चढलं की वरची माणसं बघतात. हातात भाजीची पिशवी, खांद्याला डब्याची बॅग. पी-टूवरून चढलं की कुणी बघत नाही. हातात गाडीची किल्ली असते." थोडं थांबून म्हणाला, "कधी कधी ट्रेनने येतो, तरी रॅम्पवरून चालत पी-टूवर जातो आणि तिथून लिफ्ट घेतो."

मेधा रडायला लागली. तीन वर्षं ज्या हप्त्यावरून ती त्याच्याशी भांडत होती त्याचं खरं कारण तिला आत्ता समजलं होतं. आणि बाप-लेक एकाच लिफ्टपासून, एकमेकांना न सांगता, पळत होते. या क्षणापर्यंत माणसाला आणता आलं की मला माझ्या कामाचं सार्थक वाटतं. सल्ला तर कुणीही देतं. स्वतःच्या तोंडून स्वतःची गोष्ट ऐकण्याइतकं सुरक्षित वाटणं, हे समुपदेशनाच्या खोलीतच शक्य होतं.

मी प्रशांतला विचारलं, "चारचं बटण दाबल्यावर नेमकं काय होतं?"

"वाटतं, यांना कळलं."

"काय कळलं?"

"की आम्ही विकत नाही घेतलं. आम्हाला मिळालं."

"तुमचे वडील या जागेत कधी आले?"

"एकोणसत्तरला."

"सव्विसाव्या मजल्यावरची माणसं?"

"मागच्या वर्षी." आणि तो हसला. त्या खोलीत पहिल्यांदाच हसला.

लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मांडलं की स्वतःचं मोजमाप करायला बाहेरचं पक्कं माप नसलं की माणूस इतरांशी तुलना करून ते करतो. प्रशांत वस्तीत पन्नास वर्षांचा जुना माणूस होता, पण लिफ्टमध्ये तीस सेकंदांचा गरीब होत होता. वस्ती तीच, तुलना मात्र बदलली. एर्झो लटमर या अर्थतज्ज्ञाने २००५ मध्ये अमेरिकेतल्या कुटुंबांच्या माहितीवरून दाखवलं आहे की आपलं उत्पन्न तेच राहून शेजाऱ्यांचं वाढलेलं असलं, तर माणसं स्वतःला कमी सुखी म्हणतात. मेधाला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग ठाण्यालाही टॉवरच घेणार होतो आम्ही." बरोबर. तिथेही लिफ्ट असणारच होती.

पुढच्या भेटीला मी आजींना बोलावलं. अशा निर्णयात सगळ्यांत जास्त ज्यांचं काही पणाला लागलेलं असतं, त्यांना बहुतेक घरांत कुणी विचारतच नाही. आजी म्हणाल्या, "मुलं म्हणतील तिथे येईन मी. हट्ट नाही माझा. पण दोन वर्षांपूर्वी पार्कात चक्कर आली तेव्हा केळीवाल्याने मला घरी आणून सोडलं. पत्ता सांगावा लागला नाही. ठाण्याला पडले तर आधी नाव सांगावं लागेल." प्रशांत आणि मेधा दोघांनाही ही गोष्ट माहीत नव्हती. आजींनी मुद्दाम सांगितली नव्हती, नाहीतर फिरायला जाणं बंद झालं असतं.

म्हातारपणी ओळखीची वस्ती ही औषधाइतकीच गरजेची गोष्ट असते, असं माझं मत आहे. ज्यांच्या घरात पंचाहत्तरीच्या आसपासचं माणूस आहे त्यांनी स्थलांतराचा हिशेब करताना चौरस फुटांच्या आधी हा रकाना भरावा.

मुलांचा प्रश्न वेगळा. अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या अतिगरीब वस्त्यांतून बऱ्या वस्त्यांत गेलेल्या कुटुंबांचा अभ्यास केला. तेराव्या वर्षाच्या आत गेलेल्या मुलांची मोठेपणीची कमाई लक्षणीय वाढलेली दिसली. मोठ्या वयात गेलेल्यांना तसा फायदा दिसला नाही. हा अभ्यास पालक मला हल्ली स्वतःच ऐकवतात आणि म्हणून महागड्या वस्तीत भाड्याने जायचं म्हणतात. मी त्यांना सांगते, तो अभ्यास टोकाच्या गरिबीतून बाहेर पडण्याचा आहे. डोंबिवलीतून दादरला येण्याचा नाही. डोंबिवलीतही उत्तम शाळा, वाचनालयं, नाटकवेडी माणसं आहेत. मुलाला आई-बाप संध्याकाळी घरात दिसतात का, हा प्रश्न मी आधी विचारते. डोंबिवलीहून दादरला येताना गर्दीत उभं राहून जलद लोकलचा पाऊण-एक तास जातो, परतताना तितकाच. ती किंमत खरी आहे. पण शिवाजी पार्कात राहून बापाने हप्त्यांसाठी रात्री दुसरं काम धरलं असेल, तर तोही घरात दिसत नाहीच.

असंच एक तरुण जोडपं माझ्याकडे आलं होतं. दोघांच्या पगाराचा जवळजवळ निम्मा भाग पार्कजवळच्या घरभाड्यात जात होता. त्यांनाही याद्या करायला लावल्या. वस्तीचा रकाना जवळजवळ कोरा आला. मैदानात ती एकदाही गेली नव्हती, शेजारी कुणी ओळखीचं नव्हतं, ऑफिस ऐरोलीला. पत्ता सांगताना बरं वाटतं, एवढी एकच नोंद. ती मुलुंडला गेली आणि मी त्याला पूर्ण पाठिंबा दिला. पगाराच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त भाडं जात असेल आणि वस्तीचा रकाना कोरा असेल, तर थांबण्याचं कारण मला सापडत नाही.

प्रशांत-मेधाने गाडी विकली. हप्ता आणि पार्किंग मिळून २०,००० सुटले, म्हणजे मेंटेनन्स भागून वर काही उरलं. ते आता वेगळ्या खात्यात जातं, मोडलेला कॉर्पस भरून काढायला. सईला त्यांनी घराचा सगळा हिशेब आकड्यांसह दाखवला. बारा वर्षांच्या मुलीला हे कळतं, लपवलं तरच तिला लाज वाटते. वाढदिवस मैदानात झाला, वडापाव आणि डबा ऐसपैस. वरच्या मजल्यावरच्या तीन मुली आल्या, दोन आल्या नाहीत. सई अजून कधी कधी जिन्याने येते. मी त्यांना सांगितलं आहे की तिच्या मागे लागू नका. प्रशांतने मात्र एके दिवशी तिच्यासोबत लॉबीतून चढून, सगळ्यांसमोर चार दाबलं आणि तिला आजोबांच्या पहिल्या खोलीची गोष्ट मोठ्याने सांगत राहिला.

विक्रीचा विषय संपलेला नाही. मेंटेनन्स वाढणारच आहे, इमारतीची दुरुस्ती पुढे येईल, दोघांची निवृत्तीही फार लांब नाही. सईची दहावी झाल्यावर पुन्हा याद्या करायच्या, असं चौघांनी मिळून ठरवलं आहे. तेव्हा कदाचित ती माणसं निघतीलही. आजींनी आपली यादी आत्ताच करून ठेवली आहे, आणि त्यात केळीवाल्याचं नाव त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं आहे.