स्की लावलेलं विमान बर्फावर उतरताना का उलटतं? बर्फ तर मऊ असतो ना?

तुम्ही बघितलेल्या व्हिडिओत स्की, म्हणजे चाकांच्या जागी लांब चपट्या पट्ट्या लावलेलं विमान बर्फावर टेकलं, थोडं घसरलं आणि नाकावर उलटलं म्हणताय. मी काही पायलट नाही, मराठा लाइट इन्फंट्रीतनं रिटायर होऊन बेळगावजवळ भातशेती करतोय, खरं सियाचीनला ड्युटी झालीय आणि तिथनं बर्फावरच्या विमानांचं जे वेड लागलंय ते काय सुटेना.

मऊपणाचं नंतर बघू, मुळात पायलटला जमीन कुठं आहे तेच दिसत नाही. वर ढग, खाली बर्फ, सावली म्हणून पडत नाही, समोर चढ आहे का खड्डा काही कळत नाही, ह्याला फ्लॅट लाइट म्हणतात. आम्हाला नुसतं चालताना सुद्धा पाऊल अंदाजापेक्षा खाली गेलं की काळजात धस्स व्हायचं, हेलिपॅडच्या कडेला काळे जेरीकॅन मांडायचो ते ह्याच्यासाठीच. 2023 ला आमच्या बेळगावच्या सांबरा विमानतळाचं एक ट्रेनर विमान होनिहाळ गावाजवळ शेतात उतरवावं लागलं, तिथं निदान बांध तरी दिसतात की. अलास्कातले जुने पायलट खिडकीतनं झाडाच्या फांद्या किंवा काळी पिशवी खाली टाकतात, तेवढीच नजरेला खूण. नाहीतर थोडी पॉवर ठेवून मिनिटाला साधारण 150 फूट अशा बेतानं खाली येत राहायचं, टेकेल तेव्हा टेकेल.

आता मऊपणा. गोठलेल्या तलावावर बर्फ साचला की त्याच्या वजनानं खालची लादी दबते, भेगांतनं पाणी वर येतं आणि भुसभुशीत बर्फाखाली लपून बसतं. त्यात स्की घुसली म्हणजे चिखलणीच्या वाफ्यात ट्रॅक्टर जोरात घातल्यासारखं, खालचं जागेवर अडकतं आणि वरचं पुढं जातं. म्हणून शहाणा पायलट आधी नुसत्या स्की टेकवून ओढत नेतो, न थांबता परत उडतो आणि वरनं फिरून आपल्याच रेघा बघतो, काळपट पडल्या असतील तर खाली पाणी आहे, तिथं उतरायचंच नाही. ह्याचा कंटाळा केला की संपलं. वाऱ्यानं बर्फाच्या कडक सरी उठलेल्या असतात, त्यांना सस्त्रुगी म्हणतात, त्यात एकच स्की अडकली तर विमान गर्रकन फिरतं. साध्या स्कीला ब्रेक नसतो हे वेगळंच. आणि स्कीचं पुढचं टोक हवेत वर धरायला बंजी, म्हणजे ताणणारी रबरी दोरी असते, टोक फार खाली जाऊ नये म्हणून शिवाय तार, ती दोन्ही गेली तर टोक लोंबतं आणि टेकताना सरळ बर्फात रुततं.

म्हणून स्की वाईट असंही नाही हं. 1946 ला स्वित्झर्लंडच्या गाउली हिमनदीवर अमेरिकन डकोटा विमान आदळलं, आतले 12 जण स्की लावलेल्या दोन छोट्या स्टॉर्क विमानांनीच बाहेर काढले. 1960 ला धौलागिरीच्या स्विस मोहिमेत पिलाटस पोर्टर नावाचं छोटं विमान स्कीवर साधारण 5,700 मीटरवर उतरलं, एवढं करून त्याच मोहिमेत ते पडलं, पायलट वाचले.

तुमचा व्हिडिओ परत लावा आणि सावल्या दिसतात का बघा. सावल्या स्वच्छ असतील आणि मागच्या रेघा काळपट असतील तर मी पाण्यावरच बोट ठेवीन.