प्रश्न तुमचे : शत्रूचा हल्ला, शत्रूची अफवा आणि सरकारचे उत्तर

मे २०२५ मधल्या 'ऑपरेशन सिंदूर'नंतर सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांतले हे काही प्रश्न.

पहलगामचा हल्ला २२ एप्रिलला झाला आणि प्रत्युत्तर ७ मेला दिले. मधले पंधरा दिवस सरकार काय करत होते? (विद्यार्थी, कराड)

मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने दुसऱ्याच दिवशी निर्णय घेतले. १९६० चा सिंधू जलकरार स्थगित झाला, अटारीचे चेकपोस्ट बंद झाले, पाकिस्तानी उच्चायुक्तालयातल्या लष्करी सल्लागारांना देश सोडायला सांगितले आणि दोन्हीकडच्या उच्चायुक्तालयांतली माणसे ५५ वरून ३० वर आणायचे ठरले. बंदूक उचलण्याआधी हे केले की बाकीचे मार्ग वापरून पाहिले हे जगापुढे मांडता येते, आणि तेवढ्यात सैन्याला लक्ष्ये नक्की करायला वेळ मिळतो. ७ मेच्या निवेदनात नऊ ठिकाणच्या दहशतवादी तळांवर मारा केल्याचे सांगताना पाकिस्तानच्या लष्करी ठाण्यांना हात लावलेला नाही, हेही मुद्दाम सांगितले. आपण कुठे थांबलो हे समोरच्याला कळवणे हाही त्या कारवाईचाच भाग होता. पाकिस्तानने प्रकरण वाढवले. अखेर १० मेला दुपारी ३:३५ वाजता त्यांच्या डीजीएमओंचा, म्हणजे लष्करी कारवाई महासंचालकांचा, आपल्या डीजीएमओंना फोन आला आणि सायंकाळी ५ पासून गोळीबार थांबवायचे ठरले. बाकी सगळे संबंध तुटले तरी हा संपर्क चालू ठेवतात. तो नसेल, तर थांबायची तयारी असूनही ती कळवायची कुठे?

आपली एस-४०० ही हवाई संरक्षण यंत्रणा उद्ध्वस्त केल्याचा दावा पाकिस्तानने केला. सरकारने 'हे खोटे आहे' म्हटल्यावर विषय का संपत नाही? (शिक्षक, विटा)

कारण समोरचे सरकारही तेच म्हणत असते. नुसत्या इन्काराला वजन नसते, वजन असते पुराव्याला. सिरसा आणि सुरतगड हे हवाई तळ नष्ट केल्याचा दावा झाला, तेव्हा १० मेच्या पत्रकार परिषदेत त्या तळांची वेळ नोंदवलेली छायाचित्रे दाखवली गेली. एस-४०० चा दावा आदमपूर तळाबद्दल होता. १३ मेला पंतप्रधान आदमपूरला गेले आणि त्यांच्यामागे एस-४०० चे प्रक्षेपक वाहन सगळ्यांनी पाहिले. त्यानंतर त्या दाव्यात दम राहिला नाही.

अडचण वेळेची असते. अफवा रात्री अकराला सुटते, छायाचित्र मात्र आधी तपासावे लागते. त्यात तळावरची दुसरी कुठली यंत्रणा, तिची जागा, तिची दिशा उघडी पडत नाही ना, हे पाहावे लागते. तेवढ्या तासांत अफवा गावोगावच्या ग्रुपवर पोचलेली असते. म्हणून चांगले खंडन खरी गोष्ट आधी सांगते, खोटा दावा नंतर आणि एकदाच. मथळ्यातच अफवा छापली, तर घाईत वाचणाऱ्याच्या डोक्यात तीच राहते.

या काळात आपल्या काही वाहिन्यांनी मोठे नुकसान केले, हे स्पष्ट लिहायला हवे. ८ मेच्या रात्री कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याच्या बातम्या त्यांनी चालवल्या आणि त्या खोट्या ठरल्या. आपल्याच बाजूने खोटे पसरले की दुसऱ्या दिवशी आपल्या खऱ्या खंडनावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

मुलगा सैन्यात आहे. ग्रुपवर काहीबाही येते, जीव थाऱ्यावर राहत नाही. आम्ही काय पाळावे? (एक आई, अपशिंगे मिलिटरी)

ताई, दुःखद बातमी कधी व्हॉट्सअॅपवरून कळवली जात नाही. युनिट किंवा रेजिमेंटचे रेकॉर्ड ऑफिस आधी घरच्यांना कळवते, नाव जाहीर होते ते त्यानंतर. ग्रुपवर नावांची यादी आली, तर ती पुढे धाडू नका. शंका आली, तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा.

घरातूनही काही बाहेर जाऊ नये. मुलाची युनिट, ठाणे, रजा रद्द झाल्याची तारीख, त्याची रेल्वे, गणवेशातला ताजा फोटो, यांतली एकेक गोष्ट किरकोळ वाटते. पण एकाच गावातल्या वीस घरांनी त्या टाकल्या, तर कोणती तुकडी कुठे निघाली हे शत्रूला घरबसल्या जुळवता येते. 'दिल्लीहून साहेब बोलतोय' म्हणून कोणी मुलाची चौकशी केली, तर काही न सांगता फोन ठेवा. त्या दिवसांत पाकिस्तानी हेर भारतीय अधिकारी असल्याचे भासवून फोन करत असल्याचा इशारा सरकारनेच दिला होता.

आलेला व्हिडिओ खरा की खोटा, घरी कसे तपासायचे? (दुकानदार, सांगली)

व्हिडिओ थांबवा. इमारत, पाटी किंवा डोंगररेषा स्पष्ट दिसेल अशा तीन-चार जागी स्क्रीनशॉट घ्या आणि गुगल लेन्समध्ये टाका. एकाच स्क्रीनशॉटवर भागत नाही, कारण धूर आणि ज्वाळा सगळीकडे सारख्याच दिसतात. जुनी तारीख निघाली की उलगडा झाला. जालंधरवरचा ड्रोनहल्ला म्हणून फिरलेला व्हिडिओ शेतातल्या आगीचा निघाला. व्हिडिओ गेममधली दृश्येही लढाई म्हणून फिरली. ती ओळखायची, तर कॅमेऱ्याची हालचाल नको तितकी सफाईदार आहे का आणि माणसांचा आवाज अजिबात नाही का, ते बघा.

सरकारशी संबंधित दावा असेल, तर पीआयबीच्या, म्हणजे केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाच्या, फॅक्ट चेक कक्षाच्या ८७९९७११२५९ या व्हॉट्सअॅप क्रमांकावर पाठवा. 'एटीएम दोन-तीन दिवस बंद राहणार' हा मेसेज त्यांनीच खोटा ठरवला होता. सोबत एपीके फाइल, म्हणजे मोबाइलमध्ये अॅप बसवणारी फाइल, आली असेल, तर ती उघडू नका. उघडलीच आणि खात्यातून पैसे गेले, तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

समाजमाध्यमांवरची खाती आणि चॅनेल बंद करणे योग्य आहे का? (वकील, वाई)

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ मध्ये संरक्षण आणि सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी तसा अधिकार आहे. एप्रिलअखेरीस पाकिस्तानचे १६ यूट्यूब चॅनेल बंद केले, ते समजण्यासारखे आहे. पुढे मे महिन्यात ८,००० हून अधिक खाती रोखण्याचे आदेश आल्याचे एक्स कंपनीने सांगितले. असे आदेश गोपनीय राहतात आणि आमचा आक्षेप त्यालाच आहे. कारण कळले नाही, तर चूक दुरुस्त कशी करून घ्यायची? 'खोटे काय' हे केंद्राच्याच कक्षाने ठरवायचे, हा नियम मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केला, तो निकाल आपण या संदर्भात जरूर वाचावा.

मोहित्यांचे वडगावात रोज सायंकाळी ७ ला टीव्ही-मोबाइल बंद करण्यासाठी भोंगा वाजतो. हवाई हल्ल्याचा भोंगा वेगळा कसा ओळखायचा? (वाचक, कडेगाव)

इशाऱ्याचा सूर दोन मिनिटे चढ-उतार करत राहतो. धोका टळल्याचा सूर दोन मिनिटे एकसारखा लागतो. चढ-उताराचा ऐकलात, तर दिवे मालवा, खिडक्यांपासून दूर आतल्या भिंतीशी बसा आणि एकसारखा सूर येईपर्यंत बाहेर पडू नका. ७ मेची मॉक ड्रिल देशातल्या २४४ नागरी संरक्षण जिल्ह्यांसाठी होती. त्याच सुमारास वाहिन्यांनी कार्यक्रमांत हा सायरन वाजवू नये, असेही सरकारने बजावले होते, कारण कान सरावले की खऱ्या वेळी कोणी उठत नाही. गावाचा भोंगा जरूर चालू ठेवा, पण तो ठरल्या वेळी आणि थोडकाच वाजवा. चढ-उताराचा सूर यात्रा, मिरवणूक, कशालाही वाजवू नका.