मोठ्या मशीनजवळ काम करायचं आहे, कोणते बूट, हेल्मेट आणि हातमोजे घेऊ?

बूट, हेल्मेट, हातमोजे सगळं विचारलंत, वीज तोडून स्विचवर लावायच्या कुलपाचं नाव नाही. म्हणूनच लिहायला बसलो.

बूट स्टील-टोचे घ्या, हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली लावा. पण ही दोन्ही वरून पडणारं झेलतात. कन्व्हेयरचा, म्हणजे माल वाहून नेणारा, पट्टा सेकंदाला दीड मीटरने चालत असेल आणि हात मागे घ्यायला ०.३ सेकंद लागले, तर तेवढ्यात ४५ सेंटीमीटर पट्टा आत गेलेला असतो. म्हणजे बोटांपासून कोपरापर्यंत हात.

खरी धोक्याची वेळ साफसफाईची आणि अडकलेला माल काढायची, कारण तेव्हा गार्ड (फिरत्या भागावरचं संरक्षक झाकण) उघडलेलं असतं. "पाच मिनिटांचं काम आहे, लाल बटण दाब आणि काढ" म्हणणारा सुपरवायझर चूक सांगतो, त्याची नोकरी कितीही जुनी असो. साध्या जोडणीत लाल बटण (इमर्जन्सी स्टॉप) फक्त कंट्रोल सर्किट, म्हणजे मशीनला आदेश देणारी जोडणी, तोडतं. कॉन्टॅक्टरच्या (मोटरची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचच्या) वर तिन्ही फेज, म्हणजे विजेच्या तिन्ही चालू तारा, तशाच हजर असतात. दुसऱ्या टोकाच्या माणसाला तुम्ही दिसत नाही; तो बटण फिरवून सोडवतो आणि स्टार्ट देतो.

समजा कन्व्हेयरच्या टेल पुलीत (मागच्या टोकाच्या रोलरमध्ये) दगड अडकलाय. आधी ऑपरेटरला आणि अलीकडच्या-पलीकडच्या मशीनवाल्यांना सांगा. नेहमीच्या स्टॉप बटणाने थांबवा, मगच आयसोलेटर (मशीनची मुख्य वीज तोडणारा स्विच) ऑफ करा. चालू लोडवर तो खेचू नका. त्याला स्वतःचं कुलूप लावा, किल्ली खिशात ठेवा. चौघं काम करणार असतील तर सहा भोकांच्या हॅस्पवर (एका स्विचला अनेक कुलपं लावायच्या कडीवर) चार कुलपं हवीत. शिफ्ट बदलताना आधी येणाऱ्याचं कुलूप लागतं, मग जाणाऱ्याचं निघतं. नुसता टॅग ("चालू करू नका" असं लिहिलेली चिठ्ठी) चालत नाही, तो कुणीही काढून ठेवतो. नंतर आजूबाजूला कुणी नाही हे पाहून स्टार्ट दाबा, मशीन हललं नाही पाहिजे. वायरिंगला हात लावायचा असेल तर इलेक्ट्रिशियनने मीटर आधी चालू पॉइंटवर तपासावा, मग तिन्ही फेज एकमेकांशी आणि अर्थशी, आणि शेवटी पुन्हा त्याच चालू पॉइंटवर. बिघडलेला मीटरही शून्यच दाखवतो.

एवढं करूनही दगड काढू नका. चढावरचा भरलेला पट्टा ब्रेक किंवा बॅकस्टॉप (पट्टा उलटा फिरू न देणारी अडण) नीट नसेल तर मागे घसरतो, आणि टेक-अपचं (पट्टा ताणायच्या यंत्रणेचं) वजन त्याला ताणून धरतच असतं. दगड सुटला की वीज नसतानाही पट्ट्याला झटका बसतो. आधी पट्टा क्लॅम्प करा, वजनाला आधार द्या.

दुसऱ्या मशीनवरही हेच. ४१५ व्होल्टच्या ड्राइव्हमध्ये (मोटरचा वेग बदलणाऱ्या पेटीत) वीज तोडल्यावरही कपॅसिटरवर (वीज साठवणाऱ्या भागावर) ५८० व्होल्टच्या आसपास डीसी राहतं. ड्राइव्हवर जितकी मिनिटं लिहिली आहेत तितकी थांबा, मग मोजा. ६ बार हवेवरचा ६३ मिलिमीटर बोअरचा (आतल्या व्यासाचा) सिलिंडर १९० किलोच्या आसपास जोर लावतो, म्हणून अडकलेला भाग सोडवण्याआधी हवा बंद करून लाइन रिकामी करा. हायड्रॉलिक प्रेसच्या पंपाचा गेज शून्य असला तरी चेक व्हॉल्व्हच्या (तेल एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपेच्या) पलीकडे दाब कोंडलेला असू शकतो. रॅमखाली (प्रेसच्या खाली येणाऱ्या भागाखाली) त्या मशीनसाठी बनवलेला सेफ्टी ब्लॉक, म्हणजे तो भाग अडवणारा ठोकळा, ठेवल्याशिवाय हात घालू नका. हायड्रॉलिक पाइपची बारीक गळती बोटाने चाचपू नका, पुठ्ठा फिरवा. तेल कातडीत घुसलं तर वर टाचणीएवढीच खूण दिसते, सुरुवातीला फारसं दुखतही नाही. तरीही त्याच क्षणी सर्जनकडे जा, उद्यावर टाकू नका.

हातमोज्यांचं राहिलंच. पत्रा उचलताना, धारदार माल हाताळताना जरूर घाला. ड्रिलच्या किंवा लेथच्या फिरत्या स्पिंडलजवळ (दांड्याजवळ) मात्र अजिबात नको, कापड गुंडाळलं गेलं की पूर्ण हात ओढला जातो. अंगठी आणि सैल बाहीचंही तेच. चिप्स (धातूचा कीस) स्पिंडल थांबवून हुकने किंवा ब्रशने काढा.

एक गोष्ट मान्य करतो, काही सेटिंग वीज चालू ठेवूनच करावं लागतं. तेव्हा जॉगवर (बटण दाबलेलं असेपर्यंतच चालवून), कमी वेगात, बटण सोडताच मशीन थांबेल अशा पद्धतीनेच करा. आणि ते बटण ज्याचा हात आत आहे त्याच्याच दुसऱ्या हातात हवं, बाजूला उभ्या हेल्परच्या हातात नाही.